लाल गाडीतला सोन्याचा दात

१

झुलाल मिस्त्रीने गाडीच्या तळाची कुजलेली फळी उचकटली, आणि तिच्या सांदीतून काहीतरी टपकन पडून वच्छलाबाईंच्या चपलेशी येऊन थांबलं. पितळी खिळा असेल म्हणून त्यांनी वाकून उचललं, पदराच्या टोकाने पुसलं, आणि दुसऱ्या हातातला चहाचा कप त्यांच्या नकळत खाली पडून फुटला.

तो माणसाचा दात होता. वरचा, पुढचा, मुळासकट. त्याच्यावर सोन्याचं टोपण होतं.

"अहो," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "अहो, इकडे या."

भटूभाऊ वकील त्या वेळी गाडीच्या नाकावरचा गंज घासण्यात दंग होते. गेले दोन महिने त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. धुळ्याच्या कोर्टातून सुटले की काळा कोट सायकलला अडकवून थेट आग्रा रोडवर झुलालच्या गॅरेजात. धरणगावच्या थोरल्या चुलतभावाकडून, पितांबरनानांकडून, त्यांनी ही लाल, दोन माणसांची विलायती गाडी विकत घेतली होती. घेतली तेव्हा तिला गाडी म्हणण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. छपराचं कापड उंदरांनी खाल्लेलं, तारांची चाकं गंजलेली, डावीकडचं पुढचं मडगार्ड चेपून आत गेलेलं. जिनिंगच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांआड पाच वर्षं ती तशीच पडली होती. "नवऱ्याला म्हातारचळ लागलाय," असं वच्छलाबाई शेजारणींना हसत सांगायच्या आणि चहाची किटली घेऊन रोज स्वतःच गॅरेजात हजर व्हायच्या. गाडीचं इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी तर त्यांनी पेढे वाटले होते.

भटूभाऊंनी दात उजेडाकडे धरून पाहिला.

"सुकदेवचा आहे," ते म्हणाले. "हसला की चमकायचा. अख्ख्या धरणगावात असा दात दुसऱ्या कोणाला नव्हता."

सुकदेव पाटील. गाडीचा पहिला मालक, भटूभाऊंचा धाकटा चुलतभाऊ. पाच वर्षांपूर्वी, एकावन्न साली, बायकोला न सांगता तो आफ्रिकेला निघून गेला होता. गाडी स्टेशनवर उभी सापडली होती. तेव्हापासून त्याचा निरोप नाही की सांगावा नाही.

झुलालने डावी बैठक उलटी केली. वरचं कातडं स्वच्छ धुतलेलं होतं, पण आतला काथ्या काळा पडून दगडासारखा घट्ट झाला होता. त्याने बोटाने टोकरलं, हुंगलं आणि हात झटकला.

"भाऊ," तो म्हणाला, "हे ऑइल नाही."

२

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दोघं एस.टी.ने धरणगावला पोचले. तसंही त्यांना जायचंच होतं. रविवारी कानबाई, खानदेशातली श्रावणातली देवी, घरात बसणार होती, आणि पाटलांच्या भाऊबंदांतला कोणी कुठेही असो, कानबाईच्या रोटाला तो धरणगावच्या मोठ्या घरी येतोच. रोट म्हणजे मोजून दळलेल्या गव्हाचा देवीचा प्रसाद; तो भाऊबंदांशिवाय दुसरं कोणी खात नाही.

सुकदेवचे थोरले भाऊ पितांबरनाना जिनिंगच्या कचेरीत होते. बुटके, जाडजूड, बोलायला तोफेसारखे. भटूभाऊंनी रुमाल उघडून दात टेबलावर ठेवला, तसा नानांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तो बोटाने एकदा उलटा करून पाहिला. मग एकदम उठून उभे राहिले.

"उखर्डू!" ते ओरडले. "त्यानेच! दुसरं कोण? घरात गाडी चालवता येणारे तिघं. सुकदेव, मी आणि जिनिंगच्या ट्रकवरचा उखर्डू ड्रायव्हर. स्टेशनवरून गाडी घरी आणली ती त्यानेच!"

"नाना, जरा थांबा," भटूभाऊ म्हणाले. "सुकदेव आफ्रिकेला निघाला, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"आईने. तिच्या पाया पडून गेला तो. तो जायच्या गोष्टी नेहमी करायचाच, नैरोबीला त्याचा दोस्त होता. मग आईवर कोण अविश्वास दाखवणार?"

नानांनी चार माणसं पाठवली, उखर्डूला त्याच्या घरातून ओढून आणलं आणि सरकीच्या कोठारात कोंडलं. त्याची बायको लेकरं घेऊन फाटकाशी रडत बसली. घरातल्या बायकांना सांगितलं, सरकी चोरताना सापडला.

"देव बसायचाय घरात, आत्ता पोलीस नकोत," नाना म्हणाले. "कानबाई उठली की सोमवारी फौजदाराच्या ताब्यात देतो. आणि दाताचं आईला आणि सुमनला कळता कामा नये. आई तर ही गाडी विकायलाच तयार नव्हती, पोराची आठवण म्हणून. हे कळलं तर ती जागेवर प्राण सोडेल."

वच्छलाबाई डोक्यावरचा पदर सावरून दाराआड उभ्या होत्या. जेठांसमोर, थोरल्या दिरांसमोर, बोलायची त्यांची रीत नव्हती. पण एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. भाऊ मेला हे कळल्यावर माणूस आधी रडतो. नानांनी आधी आरोपी शोधला.

जेवताना वाढायला सुकदेवची बायको सुमन होती. लहानखुरी, अबोल, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा टाकून गेला म्हणून पाच वर्षं गावाची कुजबूज ऐकत आलेली. विषय बदलावा म्हणून भटूभाऊ गाडीचं बोलू लागले.

"इंजिन झकास चालतं. पण दुसरा गिअर पडताना असा किंचाळतो, की विचारू नका."

"मध्ये एकदा क्लच सोडून पुन्हा दाबावा लागतो," सुमन वरण वाढता वाढता म्हणाली. मग पळी तिच्या हातात तशीच राहिली. "असं हे म्हणायचे."

३

दुपारी वच्छलाबाई उखर्डूसाठी भाकरी घेऊन कोठाराकडे गेल्या. राखणदाराने बाईमाणूस म्हणून आत सोडलं. उखर्डू पोत्यांना टेकून बसला होता. चांगला सहा फुटी गडी, पण मार खाऊन पार आक्रसून गेला होता.

"बाई, मी ती गाडी कधी चालाडीच नही," तो म्हणाला. "सुकदेवभाऊ हात लावूच देत नव्हतात. नानासलेसुद्धा नही. म्हनेत, हाई मनी घोडी शे, दुसराना हात नको."

"मग स्टेशनवरून आणलीस ती?"

"किल्लीच नव्हती तिनी! बैल जुपीसन ओढी आनी. दार उघडं ठेवं, चाकवर एक हात ठेवा आनि मी पायी पायी चालनू. बठ्ठं गाव पाही राहिंतं, कोनलेबी इचारा."

वच्छलाबाई परत येऊन माडीवर बसल्या आणि झुलालच्या गॅरेजातली गाडी डोळ्यांसमोर आणू लागल्या.

रक्त डाव्या बैठकीत होतं. दातही डावीकडच्या फळीखाली. म्हणजे सुकदेव स्वतःच्या गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी बसला होता. डावं मडगार्ड पुढून चेपलेलं, म्हणजे गाडी कशावर तरी जोरात आदळली होती. आणि तिसरी गोष्ट तर त्यांच्या नवऱ्याने रोज बोंबलून सांगितली होती. चालकाची बैठक पुढे सरकवलेली तिथेच अडकली होती. कोणीतरी गाडी धुतली, पाणी रुळात राहिलं आणि रूळ तिथेच गंजला. उंच भटूभाऊंचे गुडघे हनुवटीला टेकायचे. झुलालने रॉकेल ओतून, हातोडा मारून ती मागे सरकवली होती. त्याआधी एकदा गंमत म्हणून वच्छलाबाई स्वतः तिथे बसल्या होत्या, तर त्यांचे पाय अगदी बरोबर पोचले होते.

सुकदेव उंच होता. उखर्डू त्याहून उंच. गाडी शेवटची चालवली ती कोणा बुटक्या माणसाने.

नाना बुटके होते. नानांना गाडी चालवता येत होती. सुकदेव गेल्यावर जिनिंगचा सगळा कारभार नानांकडे आला होता. वच्छलाबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांच्याच घराण्यातला थोरला माणूस, ज्याच्या पाया पडून त्या लग्नात घरात आल्या होत्या. एका गरीब ड्रायव्हरला सोमवारी तो फासाच्या वाटेला लावणार होता.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. सुकदेव नानांना गाडीला हात लावू देत नव्हता. मग त्या दिवशीच का दिला?

४

शनिवारी सकाळी रोटाचं दळण निघालं. भाऊबंदांच्या बायका ओसरीवर जात्याशी जमल्या होत्या, पुरुष अंगणात मांडव बांधत होते. पण धान्य मोजायचं ते आत, देवघरात, दार लोटून. पाटलांच्या घरात हे काम थोरल्या बाईचं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक एक मूठ गहू सुपात पडतो. बाळंतिणीच्या कुशीतल्या मुलग्याचीही मूठ पडते, परमुलखात असलेल्याचीही पडते. जो जग सोडून गेला, त्याची तेवढी पडत नाही.

थोरल्या बाई म्हणजे नानांची आई, भिकुबाई. हातापायांच्या काड्या झालेल्या, पण सोवळ्यात ताठ बसलेल्या. सुमनने सूप धरलं होतं. दरसाल आत दोघीच असायच्या. यंदा वच्छलाबाई तांब्या भरून द्यायच्या निमित्ताने आत शिरल्या आणि कोणी उठ म्हणालं नाही म्हणून तिथेच बसल्या.

"पितांबर," म्हातारीने मूठ घातली. "पितांबरना भगवान. भगवानना पोऱ्या. भटू. भटूना रमेश..."

एक एक नाव घेत मुठी पडत होत्या. गव्हाचा आवाज सुपात होत होता. वच्छलाबाई वाट पाहत होत्या. चुलत्यांची नावं झाली, त्यांच्या नातवांची झाली. म्हातारीने हात झटकला, सुपाला हळद-कुंकू लावलं आणि हात जोडले.

सुकदेवची मूठ पडलीच नाही.

वच्छलाबाईंनी मनात सगळी नावं पुन्हा मोजली. विसरली म्हणावं, तर पणतवापर्यंत एक नाव चुकलं नव्हतं. दाताचं कोणी सांगितलं म्हणावं, तर मुलगा गेल्याची बातमी काल ऐकलेली आई अशी कोरड्या डोळ्यांनी बसली असती का? आणि सुमन? नवऱ्याचं नाव घेतलं गेलं नाही, तरी तिचं सूप तसूभर हललं नाही. कपाळावर कुंकू लावून ती गव्हाकडे बघत राहिली होती. या दोघींना ते आज कळलेलं नव्हतं.

५

वच्छलाबाई बाहेर आल्या. जेठांशी बोलायची रीत नव्हती, पण त्या तडक मांडवात गेल्या आणि पदर पुढे ओढून नानांसमोर उभ्या राहिल्या.

"नाना, एक विचारते. रोटात सुकदेवभाऊंची मूठ घालू द्यायची का काकूंना?"

नाना दचकले. इकडेतिकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाले, "घालू दे. बिचारी पाच वर्षं घालत आली, यंदा शेवटची घालू दे. सोमवारी मीच सांगणार आहे तिला." आणि त्या जाडजूड माणसाने उपरण्याने डोळे पुसले. "कालपासून मला देवासमोर उभं राहवत नाही, वच्छला. माझा भाऊ होता तो."

वच्छलाबाईंना स्वतःची लाज वाटली. नानांनी भावाला मारला असता आणि आईने ते लपवलं असतं, तर आई कोणाची मूठ घालते हे नानांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

म्हातारीने लपवलं होतं, पण नानांसाठी नाही. मग बुटकं दुसरं कोण? गाडीला दुसऱ्याचा हात नको म्हणणारा सुकदेव कोणाच्या शेजारी हौसेने बसला असता? गिअर कसा टाकावा हे कोणाच्या तोंडून सहज निघून गेलं होतं?

त्या परत देवघरात गेल्या आणि दार आतून लावलं.

"काकू," त्या म्हणाल्या, "उखर्डूला सरकीसाठी कोंडलेलं नाही. गाडीत सुकदेवभाऊंचा दात सापडला. नाना म्हणतात, उखर्डूने खून केला. सोमवारी त्याला फौजदाराकडे देणार आहेत."

सुमनच्या हातातून सूप निसटलं. दळायचा उरलेला गहू जमिनीभर झाला.

"गाडी तू चालवत होतीस ना, सुमन?"

"तिले काही इचारू नको!" म्हातारी कडाडली. मग तिचा आवाज बसला. "माले इचार. मी व्हतू तठे."

६

म्हातारीने सांगितलं ते असं.

सुकदेवला बायकोचं भारी कौतुक. पहाटे तो तिला गाडीत घालून शेताच्या वाटेवर न्यायचा आणि चाक तिच्या हातात द्यायचा. नानांना कळलं तर घरात महाभारत व्हायचं, म्हणून सगळं चोरून. तेव्हा पेरणीसाठी भिकुबाई शेतातल्या खोपीवर राहायला होत्या. एका सकाळी त्यांनी पाहिलं, पाटलाची सून, डोक्यावर पदर नाही, वाऱ्यासारखी मोटार हाकत येते आहे. त्यांचं डोकं फिरलं.

"मी आडवी व्हयनू रस्तामा. दोन्ही हात पसारीसन उभी ऱ्हायनू. म्हनं, थांबतीस कशी नही! गाडी मना आंगवर इ राहिंती. हाई पोरनी चाक फिरायं. माले वाचाडं. गाडी बाभूळवर गई."

सुमन सांडलेल्या गव्हाकडे पाहत बसली होती.

"त्याले मांडीवर लिधं. दोन सबद बोलना नही. माय, मना हट्टनी मना पोऱ्या गया. लोके काय म्हनतीन? सूननी मारा, म्हनतीन. गाडी चालाडाले गई आनि नवरा मारी टाका. हिले फासी देतीन. मी म्हनं, एक गया, ज्या पोरनी माले वाचाडं तिले कशी जाऊ देऊ? बांधजोडे मातीमा पुरा आम्हीन दोन्हीसनी. हिले सांगं, गाडी धुईसन टेसनवर लावी ये, कुकू पुसानं नही, रडानं नही."

वच्छलाबाई खून शोधायला निघाल्या होत्या. खुनी कोणी नव्हतंच. पण पाच वर्षं एक आई मेलेल्या मुलाला आफ्रिकेत जिवंत ठेवत होती, आणि एक विधवा रोज सकाळी कुंकू लावून नवरा सोडून गेल्याचे टोमणे ऐकत होती. दोघी एकाच घरात, एकाच चुलीपाशी.

"आणि मूठ?" त्यांनी विचारलं.

"लोकेससंगे मी खोटं बोलनू," भिकुबाई म्हणाल्या. "कानबाईसंगे कसं बोलू?"

त्या भिंतीला धरून उठल्या. सुमनने पाय धरले. "आत्याबाई, नका ना. मी सांगते, मी एकटीच होते म्हणून सांगते."

"उखर्डूनी बायको फाटकशी रडी राहिनी," म्हातारी म्हणाली. "कालपाईन मी ऐकी राहिनू. चोरना घरनी शे म्हनीसन उगी बसनू."

त्यांनी दाराची कडी काढली. ओसरीवर बायकांच्या ओव्या रंगात आल्या होत्या.

"जातं थांबाडा," भिकुबाई म्हणाल्या. "रोट व्हनार नही. आपले सुतक शे."

ओवी मध्येच तुटली. मांडवातले पुरुष वळून पाहू लागले. नाना धावत आले. "आई, काय बोलतेस? कोणाचं सुतक?"

"मना सुकदेवनं."

"गाडी मी चालवत होते, नाना," सुमन मागून म्हणाली. "मीच चालवत होते."

आणि मग तिने तोंड उघडलं. असं रडणं वच्छलाबाईंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पाच वर्षं गिळलेला तो टाहो होता. ती उंबऱ्यावर कोसळली. काही न कळलेल्या बायकाही धावत येऊन तिच्याभोवती बसल्या, कारण असं रडणाऱ्या बाईला काय झालं आहे हे कोणालाच विचारावं लागत नाही. एकीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. सगळ्यांच्या पिठाच्या हातांनी तिचे केस पांढरे झाले.

वच्छलाबाईंनी भटूभाऊंना बाजूला घेऊन देवघरात ऐकलेलं सांगितलं. भटूभाऊंनी नानांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. "अपघात आहे, नाना. लपवलं हा गुन्हा आहेच, तो फौजदाराला सांगावा लागेल. मी माणूस पाठवतो. सुमनच्या बाजूने कोर्टात मी उभा राहीन."

नाना ऐकत होते की नाही कोण जाणे. ते एकाएकी उठले, कोठाराकडे गेले आणि स्वतःच्या हाताने कडी काढली. उखर्डू बाहेर आला. त्याचा ओठ सुजलेला होता. नानांनी त्याच्यासमोर हात जोडले. आजवर कोणासमोर जोडले नव्हते, त्यामुळे ते त्यांना नीट जोडताही आले नाहीत.

७

संध्याकाळच्या आत फौजदार आला. पंच आले. रोट खायला जमलेले सगळे भाऊबंद अनवाणी पायांनी शेताकडे निघाले. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. भिकुबाईंनी बांधावरची जागा बोटाने दाखवली आणि बाभळीला टेकून खाली बसल्या. बाभळीच्या बुंध्यावर सालीला मोठी जुनी खोक पडलेली होती.

रीतीप्रमाणे पहिला घाव थोरल्या भावाने घालायचा. नानांनी कुदळ उचलली, पण घाव काही त्यांच्याने घालवेना. फौजदार दोन पावलं मागे सरकला. भाऊबंद एकमेकांकडे पाहू लागले.

गर्दीच्या मागून उखर्डू पुढे आला. काल त्याला मारणाऱ्यांतले दोघं तिथेच उभे होते, ते बाजूला झाले. त्याने नानांच्या हातून कुदळ अलगद काढून घेतली.

"नाना, तुम्हीन बसा," तो म्हणाला. "भाऊले मी काढस."

त्याने पागोटं उतरवून बांधावर ठेवलं, काळ्या मातीला हात लावून कपाळाला लावला आणि हळू हळू, कोणाला लागू नये अशा बेताने खणायला सुरुवात केली.